पोस्टमास्तरची लेकरं

“माय फादर इज अ पोस्टमास्टर!” दहावी ‘ब’च्या पोरांनी एका सुरात सांगितलं आणि बिडवे सरांनी समाधानानं डोळे मिटले.

“पुढं?”

“माय फादर्स नेम इज केशवराव! आय हॅव टू ब्रदर्स! माय एल्डर ब्रदर इज इन द मिलिटरी!”

“आवाज खिडकीबाहेर गेला पाहिजे. इंग्रजी ही दबकत बोलायची भाषा नव्हे.”

मी मागच्या भिंतीला टेकून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती आणि हा तिचा शेवटचा सराव. सोनखोरीत पोस्ट ऑफिस नव्हतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक लाल पेटी होती, तिच्यात चिमण्या राहत. तरीही गेली एकोणीस वर्षं त्या गावातून दहावीला बसलेलं प्रत्येक मूल, इंग्रजीपुरतं, पोस्टमास्तरचं लेकरू होतं.

याचं कारण बिडवे सरांचा कागद. सर नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी वीस प्रश्न काढले आणि त्यांची वीस उत्तरं लिहिली. नमुन्याला घर कुणाचं घ्यायचं? स्वतःचंच घेतलं. त्यांचे वडील केशवराव पोस्टमास्तर होते, थोरला भाऊ फौजेत होता, घरात पहाटे पाचला उठून पूजा होत असे आणि सरांना हापूस आंबा आवडत असे. तो कागद झेरॉक्सची झेरॉक्स होत एकोणीस वर्षं फिरला. त्यात आपल्या बापाचं नाव घालायची कुणाची छाती झाली नाही, कारण सरांची सक्त ताकीद होती, “एक शब्द हलवला की पुढचं सगळं विसरतंय. जसंच्या तसं म्हणायचं.” त्यामुळं ऊसतोड्याचा पोरगा पोस्टमास्तरचा, सरपंचाची पोरगी पोस्टमास्तरची, आणि मुबारक शेखही रोज पहाटे पाचला उठून इंग्रजीत पूजा करत असे.

खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर एकच तोंड बंद होतं, अयोध्या हुडेचं. ते माझ्यामुळं बंद होतं आणि त्या दिवशी मला त्याचा केवढा अभिमान वाटत होता!

“हुडे,” बिडवे सर म्हणाले, “तुला येत नाही का?”

अयोध्यानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

“मी माझं बोलणार हाय, सर.”

“तुझं?” सरांनी वर्गाकडं पाहिलं. “तुझं काय आहे इंग्रजीत?”

वर्ग खो खो हसला. अयोध्या खाली बसली. मी मनातल्या मनात बिडवे सरांना चांगल्या चार शिव्या घातल्या आणि बाहेर पडले. उद्या यांना दाखवते, असं मला वाटत होतं. दाखवणारी मी कोण होते, हे आज वीस वर्षांच्या मास्तरकीनंतर मला जरा जास्त कळतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. इंग्रजीची एम.ए. होते आणि शिक्षणसेवक म्हणून माझं तिसरं वर्ष चालू होतं. शिक्षणसेवक म्हणजे अर्धा मास्तर. तीन वर्षं तो मास्तराचं सगळं काम करतो आणि तीन वर्षांनी मुख्याध्यापकानं ‘अध्यापन समाधानकारक’ असा शेरा दिला, की पूर्ण मास्तर होतो. माझा शेरा एप्रिलमध्ये व्हायचा होता. तोंडी परीक्षा फेब्रुवारीत होती.

बिडवे सरांना इंग्रजी येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. वीस वाक्यं त्यांना फार चांगली येत होती. मला त्याहून जास्त येत होती आणि तेवढ्यावर मी नाक वर करून हिंडत असे. स्टाफरूममध्ये मी इंग्रजी वर्तमानपत्र वाची, तेही सगळ्यांना दिसेल असं धरून. या गावात इंग्रजीचे दिवे लावायला आपणच आलो आहोत, अशी माझी खात्री होती.

अयोध्या मला सापडली ती नववीत. शाळा सुटली की ती अर्धा तास थांबायची. मी तिला म्हटलं, इंग्रजी म्हणजे पाठांतर नव्हे, तुला जे सांगायचंय ते सांग, चुकलं तर चुकू दे. ती सांगू लागली. आधी शेळीबद्दल, मग शेजारणीच्या भांडणाबद्दल, मग एकदा सबंध अर्धा तास घराच्या गळक्या पत्र्याबद्दल. मोडकं, अडखळतं, पण स्वतःचं. मी टाळ्या वाजवायची. “धिस इज इंग्लिश, अयोध्या! तो कागद म्हणजे इंग्रजी नव्हे. त्याला हातसुद्धा लावू नकोस.”

तिला सिव्हिलचा डिप्लोमा करायचा होता, सरकारी तंत्रनिकेतनात. खासगीचं नावच काढायला नको, इतकं घर साधं होतं. वडील लातूरला सेंट्रिंगच्या कामावर, आई दुसऱ्यांच्या रानात. सरकारीचा प्रवेश दहावीच्या टक्क्यांवर होता आणि आदल्या वर्षी मुलींची यादी अठ्ठ्याऐंशीला बंद झाली होती. अयोध्याचा सराव परीक्षेचा हिशेब अठ्ठ्याऐंशी नि नव्वदच्या मध्ये कुठंतरी लोंबकळत होता. इंग्रजीचे ऐंशी गुण लेखी, ते बोर्डाच्या हातात. तोंडीचे वीस शाळेच्या हातात. म्हणजे बिडवे सरांच्या.

“तोंडीत मी काय बोलू, मॅडम?” तिनं मला महिनाभर आधी विचारलं होतं.

“तुझं. तुझ्या वडिलांबद्दल विचारलं तर तुझ्या वडिलांबद्दल बोल. मी आहे ना तिथं.”

मी आहे ना तिथं. हे वाक्य मी फार सहज बोलून गेले.

परीक्षेच्या दिवशी विस्तार अधिकारी चापोलीकर साहेब आले. तालुक्यात तोंडीचे गुण मुलांचं तोंड न बघताच देतात, अशी कुणीतरी तक्रार केली होती, म्हणून त्या वर्षी साहेब स्वतः बसणार होते. त्यांच्यापुढं सुशीलाची, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांची, बशी आली, चहा आला, फुलांचा गुच्छ आला. मुख्याध्यापक हलगे सर त्यांच्या खुर्चीमागं उभे राहिले. बिडवे सर परीक्षक. मी इंग्रजीची दुसरी शिक्षिका म्हणून कोपऱ्यात, कारण गुणतक्त्यावर माझीही सही लागत होती.

पहिल्या पोरानं एका दमात वीस उत्तरं म्हटली. दुसऱ्यानं म्हटली. तिसऱ्यानं म्हटली. सातव्या पोस्टमास्तराला साहेबांचा चमचा जरा थांबला.

“हलगे, गावात पोस्ट मोठं आहे का हो?”

“नाही साहेब. पेटी आहे फक्त.”

“असं,” साहेब म्हणाले आणि चमचा पुन्हा चालू झाला. बाविसाव्या केशवरावापर्यंत त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. तेविसावी अयोध्या होती.

“व्हॉट इज युअर फादर?” बिडवे सरांनी विचारलं.

अयोध्यानं दोन्ही हात मागं बांधले.

“माय फादर...” ती थांबली. “माय फादर वर्क्स इन लातूर. फर्स्ट ही पुट्स वूड. मेनी वूड.” पुन्हा थांबली. “देन पीपल पुट सिमेंट ऑन द वूड. देन... देन माय फादर टेक्स द वूड बॅक. अँड हाऊस डज नॉट फॉल.” तिनं एक श्वास घेतला. “देन ही गोज टू अनदर हाऊस.”

त्या खोलीत एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कुणालातरी इंग्रजीतून काहीतरी सांगितलं होतं. मी साहेबांकडं पाहिलं. ते बशीतली हिरवी मिरची वेचून कडेला ठेवत होते. बिडवे सरांची मान खाली होती आणि पेन्सिल चालू होती. अयोध्या थांबली की ते कागदावर एक उभी रेघ मारत होते.

“व्हॉट इज युअर फादर्स नेम?”

“ज्ञानोबा, सर.”

बिडवे सरांनी आणखी एक रेघ मारली. ती का मारली ते मला आजवर कळलेलं नाही. कदाचित केशवरावांचा अपमान झाला असेल.

साहेबांनी जाताना भेटवहीत लिहिलं : ‘विद्यार्थ्यांचं संभाषण कौशल्य उत्तम. एकवाक्यता विशेष उल्लेखनीय.’ मग गुच्छ घेऊन ते जीपमध्ये बसले.

दुपारी बिडवे सरांनी गुणतक्ता माझ्यापुढं ठेवला. वीस, वीस, एकोणीस, वीस. तेविसाव्या ओळीवर सहा.

“सर, हे काय आहे?”

“गुण आहेत.”

“अयोध्याला सहा?”

“हे बघा,” त्यांनी पेन्सिलीचा कागद काढला. “अकरा वेळा अडखळली. अस्खलितपणाला आठ गुण, तिथं शून्य. आत्मविश्वासाला चार, हात मागं बांधलेले, एक. उच्चाराला चार, दोन दिले. नीटनेटकेपणाला चार, त्यात तीन दिले, वेणी बरी होती. बेरीज करा. तुम्ही एम.ए. आहात.”

“पण ती काय बोलली ते?”

“त्याला रकाना कुठाय?” सरांनी खरोखरच तक्ता उलटा सुलटा करून पाहिला. “त्याला रकाना नाही, मॅडम. मी मनानं गुण देत नाही. माझ्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही.”

हा माणूस खोटारडा असता तर मला सोपं गेलं असतं. पण त्यानं सगळं नियमाला धरून केलं होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी सही न करता तक्ता उचलून थेट हलगे सरांकडं गेले.

“या, निटूरकर मॅडम, बसा. चहा घेणार?”

चहा आला नाही. हलगे सर गोड बोलायचे. रागावले की आणखी गोड. मी जे बोलायचं ते सगळं बोलले. या पोरीनं खरं बोलून दाखवलं, बाकीच्यांनी पोपटपंची केली, हा अन्याय आहे, मी सही करणार नाही. ते मान डोलवत ऐकत होते. माझं संपलं तेव्हा त्यांनी ड्रॉवर उघडला, एक पाकीट काढलं, त्यातला फॉर्म गुणतक्त्याच्या शेजारी ठेवला आणि दोन्हींच्या कडा बोटानं जुळवल्या.

“दोन कागद आहेत बघा. दोन्हींवर सह्या राहिल्यात. यावर तुमची, त्यावर माझी.”

फॉर्मवर माझं नाव होतं. अध्यापनाच्या पुढची जागा कोरी होती.

“सर, तुम्ही मला...”

“मी कशाला काय करतोय? पोरीचं नुकसान मलाही नको आहे. हुशार आहे ती, शाळेचं नाव काढील. असं करा. उद्या फेरपरीक्षा ठेवू. पालकाचा अर्ज लागेल, नियम आहे. पोरगी येईल, कागदाप्रमाणं म्हणेल, बिडवे वीस देतील, तुम्ही सही कराल, मी सही करीन. यात कुणाचं वाईट झालं, सांगा?”

आणि मला सांगता आलं नाही. रागानं तोंड बंद झालं असं मी पुढं पुष्कळांना सांगितलं. खरं म्हणजे माझी नजर त्या कोऱ्या जागेवरून हलत नव्हती. घरी गेल्यावर आई विचारणार होती, झाला का गं शेरा? मी मूग गिळून उठले. तीन वर्षं मी बिडवे सरांना हसत आले, पण ते निदान आपल्या वीस वाक्यांशी इमानदार होते.

अयोध्या नेहमीप्रमाणं शाळा सुटल्यावर थांबली होती. तिला सहा गुण कळले होते. शाळेत गुण वाऱ्यावर कळतात.

“अयोध्या, उद्या पुन्हा परीक्षा आहे,” मी म्हणाले. “आज रात्रीत तो कागद पाठ करून टाक. वीस वाक्यं आहेत, होतील.”

तिनं दप्तर बाकावर ठेवलं.

“मला येतंय ते, मॅडम.”

“काय येतंय?”

“कागद. आमच्या ताईचा होता घरात. सातवीपासून पाठ हाय मला.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती मला नुसती माहिती देत होती. “तुमीच म्हणलात ते इंग्रजी न्हाई म्हणून. म्हणून सोडलं.”

“हो. पण वीस गुण आहेत गं.”

“किती हायत ते मला आधीच म्हाईत होतं की.”

मी म्हणाले, वडिलांचा अर्ज लागेल. ती म्हणाली, सरपंचाच्या फोनवरून निरोप देते. मग तिनं दप्तर उचललं. त्या दिवशी अर्धा तास झाला नाही. मीही थांब म्हणाले नाही.

ज्ञानोबा हुडे सकाळच्या पहिल्या गाडीनं आले. कामाचा एक दिवस बुडवून आले होते. पांढरा सदरा धुतलेला, पण नखांच्या कडेला सिमेंट बसलेलं, ते धुण्यानं जात नाही. हलगे सरांच्या टेबलावर वाकून त्यांनी अर्जावर सही केली. एकेक अक्षर जपून लिहिलं आणि लिहून झाल्यावर एकदा वाचून पाहिलं. बिडवे सर अयोध्याला घेऊन शेजारच्या खोलीत गेले. मला आत बसवेना. मी व्हरांड्यातल्या बाकावर त्यांच्याशेजारी बसले.

“आवाज खिडकीबाहेर गेला पाहिजे!” आतून बिडवे सर म्हणाले.

आवाज खिडकीबाहेर आला. अयोध्या एका दमात, कुठंही न अडखळता, घंटेसारख्या आवाजात म्हणू लागली. पहाटे पाचला उठली. पूजा केली. तिला आंबा आवडला. तिचा थोरला भाऊ फौजेत गेला. तिला थोरला काय, धाकटाही भाऊ नव्हता. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा लागलं नसेल.

“एक्सलंट!” बिडवे सर ओरडले. “बघ, येत होतं की नाही? उगीच कुणाच्या तरी नादाला लागलीस.”

ज्ञानोबा खिडकीकडं तोंड करून बसले होते.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “पोस्टमास्तर कोण म्हणायली ही?”

इंग्रजी येत नसलं तरी पोस्टमास्तर सगळ्यांना कळतो. हे एकोणीस वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण एकोणीस वर्षांत कुठला बाप परीक्षेच्या वेळी खिडकीबाहेर बसला नव्हता.

“तुम्ही,” मी म्हणाले.

“म्या?”

“परीक्षेपुरते.”

“आन् केशवराव?”

“तेही तुम्हीच.”

“माझं नाव ज्ञानोबा हाय की. आत्ताच तर लिवलो अर्जावर.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. बिडवे सरांचा कागद, सरांचे वडील, आदल्या दिवशीचे सहा गुण. सांगताना मला वाटत होतं, हा माणूस आता उठेल, आत जाईल आणि बिडवे सरांची गचांडी धरील. मला ते हवं होतं. जे मला करवलं नाही ते त्यानं करावं अशी माझी इच्छा होती. माझ्या शूरपणाची तेव्हा एवढीच मजल उरली होती.

“असं म्हणलं की गुण मिळतेत?” त्यांनी विचारलं.

“वीसपैकी वीस.”

“तेनं तिला कालेजात घेतेत?”

“घेतील. यादीत बसेल.”

“मंग म्हणू द्या,” ज्ञानोबा म्हणाले. “येक दिस पोस्टमास्तर झालो म्हणून म्या काय झिजायलो का?”

ते हसले. मी हसू शकले नाही. आत बिडवे सर बेरीज करत होते, मोठ्यानं.

“काल काय म्हणली होती ती?” ज्ञानोबांनी मध्येच विचारलं. “चुकलं म्हणायलात ते.”

“चुकलं नव्हतं.”

“सहाच मिळाले म्हणल्यावर चुकलंच आसंल की. काय म्हणली होती माझ्याबद्दल?”

मी मराठीतून सांगू लागले. “म्हणाली, माझे वडील लातूरला काम करतात. ते आधी लाकडं लावतात. पुष्कळ लाकडं. मग त्या लाकडांवर लोक सिमेंट टाकतात. मग माझे वडील लाकडं काढून घेतात आणि घर पडत नाही. मग ते दुसऱ्या घराकडं जातात.”

ते मान तिरपी करून ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणीबिणी येईल, असं माझ्यासारख्या कथा वाचणाऱ्या बाईला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“लाकडं म्हणली?”

“हो.”

“लाकडं न्हवत ती. फळ्या हायत. खालून टेकू देतेत त्या बल्ल्या. वरी फळ्या.”

“तिला शब्द माहीत नव्हता.”

“तुमी सांगायचा की मंग.”

इंग्रजीची एम.ए. गप्प बसली. मलाही तो शब्द माहीत नव्हता. फळीचा कदाचित सांगता आला असता, बल्लीचा नाही, सेंट्रिंग हाच इंग्रजी शब्द आहे हेसुद्धा माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“आन् एकवीस दिस?” ज्ञानोबांनी विचारलं. “ते म्हणली का?”

“कसले एकवीस दिवस?”

“स्लॅब पडला की एकवीस दिस फळ्याला हात लावायचा न्हाई. मालक लई घाई करतेत. घाई केली की घर खाली येतंय. न पडायचं कारण ते हाय. ते म्हणली का ती?”

“नाही. ते नाही म्हणाली.”

“मोठं राहिलं की मंग,” ते म्हणाले आणि खरोखर विचारात पडले.

मी त्यांच्याकडं पाहत होते. साहेबांनी मिरची वेचली होती, हलगे सरांनी कागदाच्या कडा जुळवल्या होत्या, बिडवे सरांनी रेघा मोजल्या होत्या. आणि मी? मी टाळ्या वाजवल्या होत्या. घर का पडत नाही, हे मीही तिला विचारलं नव्हतं. मला तिचं इंग्रजी हवं होतं, माझ्या कौतुकासाठी. तिचं म्हणणं ऐकणारा पहिला परीक्षक माझ्या शेजारी बाकावर बसला होता आणि त्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

“बाकीचं?” मी विचारलं. मला मनापासून जाणून घ्यायचं होतं.

“बाकीचं बरूबर हाय. फळ्या काढून घ्याव लागतेत, दुसऱ्या घराकडं जावं लागतंय. कुणी सांगत न्हाई ते, ती सांगितली.” त्यांनी बोटांवर हिशेब केला. “फळ्याला लाकडं म्हणली, एक काटा. एकवीस दिस इसरली, एक काटा. म्या आसतो तर अठरा दिलो आसतो.”

“मॅडम!” आतून बिडवे सरांची हाक आली. “वीस लिहिलेत, सही तेवढी राहिलीय. हलगे सर थांबलेत.”

मी उठले. दारात अयोध्या बाहेर येत होती. आम्ही एकमेकींना वाट दिली. आत हलगे सर दोन्ही कागद घेऊन टेबलाशी बसलेले होते आणि त्यांनी पेनाचं टोपण माझ्यासाठी काढून ठेवलं होतं. नव्या तक्त्यावर तेविसाव्या ओळीत वीस होते. आता सगळा वर्ग सारखा दिसत होता. मी खाली वाकले.

खिडकीबाहेर बापलेक बोलत होती.

“एकवीस दिस कामून म्हणली न्हाईस गं?”

“म्हणाया आलं न्हाई, अण्णा. इंग्रजीत कसं म्हणतेत ते म्हाईत न्हाई.”

“मंग शीक की.”

“कुणाकडनं शिकू?” अयोध्या म्हणाली.

मला टोचावं म्हणून ती तसं म्हणाली नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. मी तक्त्यावर सही केली, आणि हलगे सरांनी दुसरा कागद आपल्यापुढं ओढला.